शेजाऱ्यांच्या सेदरला जाताना

प्रश्न: न्यू जर्सीतल्या आमच्या ज्यू शेजाऱ्यांनी पासओव्हर सणाच्या सेदरला, म्हणजे त्या रात्रीच्या खास जेवणाला, सगळ्यांना बोलावलंय. आम्ही शाकाहारी. रिकाम्या हातानं कसं जायचं? बेसनाचे लाडू नेऊ का?

उत्तर: ताई, लाडू नकोत. इजिप्तच्या गुलामगिरीतून सुटताना इस्रायली लोक इतक्या घाईनं निघाले की कणीक फुगायलाही वेळ नव्हता. म्हणून इस्रायलबाहेर बहुतेक ठिकाणी सणाचे आठ दिवस गहू, जव, ओट्स यांचं आंबवलेलं काही घरात ठेवत नाहीत. पाणी लागल्यापासून 18 मिनिटांच्या आत भाजलेला मात्झा, म्हणजे न फुगवलेली पातळ रोटी, तेवढा चालतो. युरोपातून आलेली बरीच घराणी तांदूळ आणि डाळीही वर्ज्य मानतात, म्हणजे बेसनही गेलं. काही घरांत बाहेर शिजवलेलं मुळीच चालत नाही. त्यापेक्षा आदल्या दिवशी फुलं देऊन या.

मांसाहार करत नसल्याचं आत्ताच कळवा. सूप बहुधा कोंबडीचं असतं, आणि मधल्या ताटात एक भाजलेलं हाड असतं. ते खायचं नसतं, जेरुसलेमच्या मंदिरातल्या जुन्या बळीची ती खूण. मुलांना मात्र आधी पोटभर वरणभात घाला. जेवणाआधी हगादा, म्हणजे या सुटकेच्या कथेची पोथी, वाचतात आणि पानं वाढायला रात्रीचे नऊही वाजतात.

घरातलं सगळ्यात धाकटं मूल विचारतं, आजची रात्र इतर रात्रींहून वेगळी का? उत्तरादाखल सगळी कथा सांगतात. इजिप्तवरच्या दहा संकटांची नावं घेताना प्रत्येकजण पेल्यातला एकेक थेंब बोटानं बाहेर काढतो. ज्यांनी छळलं त्यांच्याही दुःखानं आपला आनंद तेवढा उणा व्हावा, असा त्याचा अर्थ सांगतात. हे मला फार मोठं वाटतं. मुलांना तिथे जाण्याआधीच सांगून ठेवा.

आणि यजमानांना एक गोष्ट जरूर सांगा. कोकणातल्या बेने इस्राएल या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजासाठी 1874 साली पुण्यात मराठी भाषांतरासह हगादा छापला गेला. त्यातल्या चित्रात साडी नेसलेल्या बायका मात्झा करताना दिसतात. म्हणजे ही कथा मराठी घरांतही पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली आहे.

मुलांना प्रश्न पडले तर गप्प बसवू नका. त्या रात्री प्रश्न विचारलेले यजमानांना आवडतातच.