मुलांच्या नावाने आयुर्विमा घ्यावा का?

तुमची मुलगी चार वर्षांची आहे आणि एजंट तिच्या नावाने पॉलिसी घ्या म्हणतोय, तर माझं स्पष्ट मत: नको. आयुर्विमा कमावत्या माणसाचा काढायचा, कारण तो गेला तर घरात येणारा पैसा थांबतो. लेकीच्या कमाईवर घर चालत नाही. आधी तुम्ही दोघा आईवडिलांनी स्वतःचा टर्म इन्शुरन्स, म्हणजे ठरावीक मुदतीत मृत्यू झाला तरच घरच्यांना पैसे देणारा विमा, घ्या, निदान वार्षिक उत्पन्नाच्या दहापट रकमेचा. आरोग्य विम्यात मात्र तिचं नाव जरूर घाला. दवाखान्याचं बिल घर बुडवतं.

शिक्षणासाठी साठवायचंय? सुकन्या समृद्धी या मुलींसाठीच्या सरकारी बचत योजनेचं खातं मुलगी १० वर्षांची व्हायच्या आत पोस्टात उघडता येतं. वर्षाला किमान २५० रुपये, जास्तीत जास्त दीड लाख, भरणा १५ वर्षं. चाइल्ड प्लॅन, म्हणजे मुलांच्या भविष्यासाठी विमा आणि बचत एकत्र असलेली पॉलिसी, घ्यायचाच असेल, तर पालक गेल्यावर पुढचे हप्ते माफ होतात का, हे लेखी बघा.