सीट दोन-तीन सेकंदांत उडते, मग जीपीएस तिला पकडतो कसा?

प्रश्न : माझा मुलगा साताऱ्याच्या सैनिक शाळेत आहे, फायटर पायलट व्हायचंय त्याला. डिसेंबर २०२५ मध्ये डीआरडीओने चंदीगडला रॉकेट स्लेडवर (रुळावरून रॉकेटने पळवायची गाडी) इजेक्शन सीटची, म्हणजे संकटात पायलटला विमानाबाहेर फेकणाऱ्या सीटची, टेस्ट घेतली, ती बातमी वाचल्यापासून विचारतोय की सीट कुठनं कुठं गेली हे जीपीएसने मोजता येतं का? माझा मोबाईल तर पेठ नाक्यावर सर्व्हिस रोडला असलो तरी हायवेवरच दाखवतो!
— एक पालक, मिरज

उत्तर : येतं की, पण मोबाईलातल्या जीपीएसने नाही. त्या टेस्टमध्ये तेजस या लढाऊ विमानाचा पुढचा भाग रुळावरून ताशी ८०० किलोमीटरने पळवला, म्हणजे सेकंदाला साधारण २२२ मीटर, आणि मोबाईल सहसा सेकंदातून एकदाच जागा सांगतो, तेवढ्यात सीट बाहेर पडून वर गेलेली पण असते. म्हणून असल्या कामाला सेकंदाला २०, ५०, १०० वेळा मोजणारे रिसीव्हर (उपग्रहाचे सिग्नल पकडणारं यंत्र) सीटवर लागतात.

दुसरं म्हणजे अचूकपणा. रुळाशेजारी, जिथली जागा आधीच पक्की मोजलेली आहे तिथं आणखी एक रिसीव्हर ठेवतात, उपग्रहाच्या घड्याळातली आणि वरच्या वातावरणातली चूक सीटवरच्या आणि रुळाशेजारच्या, दोन्ही रिसीव्हरना जवळपास सारखीच येते, ती वजा केली आणि सिग्नलची लहर (साधारण १९ सेंटिमीटरची) मोजली की काही सेंटिमीटरपर्यंत जाता येतं. वेग मात्र दोन जागांच्या फरकातून काढायची गरज नाही, सिग्नलची फ्रिक्वेन्सी किती सरकली यावरून तो थेट मिळतो, आणि तो फार चांगला मिळतो.

आता खरी अडचण ऐका. नुसत्या वेगाने रिसीव्हर एवढा गडबडत नाही, तो गडबडतो एकदम बसणाऱ्या धक्क्याने. सीट सुटताना १२ ते २० जी, म्हणजे वजनाच्या १२ ते २० पट, एवढा जोर लागतो, त्यात रिसीव्हरमधल्या क्वार्ट्झ क्रिस्टलची फ्रिक्वेन्सी हलते आणि उपग्रहाची पकड सुटू शकते. वर सीट हवेत गिरकी घेते, अँटेना जमिनीकडे वळला की आकाशच दिसत नाही, खंबाटकीच्या बोगद्यात मोबाईलचं होतं तसंच. म्हणून एकापेक्षा जास्त अँटेना लावतात, आणि सोबत अ‍ॅक्सिलरोमीटर (वेग किती बदलला ते मोजणारा) नि जायरो (किती गिरकी घेतली ते मोजणारा) ठेवतात. ते सेकंदाला हजारो वेळा मोजतात, उपग्रह गेले तरी चालू राहतात, पण त्यांची बारीक चूक साठत साठत मोठी होते, ती जीपीएस परत आला की दुरुस्त करतो. दोघं एकमेकांना धरून आहेत, एकट्याचं काम नाही ते. शिवाय इथं निकाल लगेच स्क्रीनवर दिसायची घाई नसते, कच्चा डेटा साठवायचा आणि नंतर कॉम्प्युटरवर पुढून मागे, मागून पुढे असा सोडवायचा, त्यामुळं मधली तुटलेली जागाही बरीच भरून निघते.

हायस्पीड कॅमेरे असतातच, ते हवेतच. कॅनॉपी (पायलटच्या डोक्यावरचं पारदर्शक झाकण) कशी फुटली, डमीचे (पायलटच्या जागी बसवलेल्या पुतळ्याचे) हातपाय कुठं गेले हे कॅमेराच दाखवणार. पण सीट फ्रेमच्या बाहेर गेली की तिथं कॅमेरा संपतो, उपग्रहांच्या सिग्नलवरून मात्र पॅराशूट उघडून जमिनीवर येईपर्यंत तिची जागा कळत राहते.

मुलाला हेही सांगा की हे आकडे कशाला हवेत. सीट विमानाच्या शेपटीवरून किती अंतर राखून गेली, पाठीच्या कण्यावर किती जोर आला, आणि विमान जमिनीवर उभं असतानाच सीट सोडली तर पॅराशूट पूर्ण फुलायला पुरेल एवढी उंची तिने गाठली का, या तीन प्रश्नांवर पायलट वाचणार की नाही ते ठरतं.