सेकंडहँड मोटरहोम: आधी पट्टे मोजा, मग ओल शोधा

प्रश्न: ताई, आम्ही रेडिंगला राहतो. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा पाचचा. जूनमध्ये सासू-सासरे पुण्याहून तीन महिन्यांसाठी येताहेत. सासऱ्यांचं पथ्याचं खाणं आहे, हॉटेलात त्यांचे हाल होतात, म्हणून जुनी मोटरहोम, म्हणजे झोपायची-रांधायची सोय असलेली गाडी, घेऊन सगळ्यांनी वेल्स-स्कॉटलंड फिरायचा बेत आहे. बजेट २५ हजार पौंड. दोन गाड्या बघितल्या. एक २००८ची, सहाजणांच्या झोपण्याची, ३८ हजार मैल, खासगी मालकाकडे २४,५०० ला. दुसरी २००६ची, चौघांची, ६१ हजार मैल, डीलरकडे २०,००० ला. ह्यांना पहिली फार आवडली आहे. काय करावं?

उत्तर: पहिली घेऊ नका. इंजिन कसं का असेना, ती तुमच्या बेतात बसत नाही.

तुम्ही पाठवलेल्या जाहिरातीत झोपायला सहा जागा आहेत, पण सीटबेल्ट चारच. अशा गाड्या ब्रिटनमध्ये ढिगाने मिळतात. रात्री सहाजण आडवे होतील, पण दिवसा प्रवासात आजी-आजोबांना बसवायचं कुठे? पट्टा नसलेल्या बाकावर त्यांना बसवून मोटरवेवर गाडी काढायचा विचारही करू नका. मुलांच्या बाबतीत नियम आणखी कडक आहेत. बारा वर्षं किंवा १३५ सेंटिमीटर उंची, यातलं जे आधी होईल तोवर चाइल्ड सीट हवी. आडव्या, म्हणजे बाजूला तोंड असलेल्या बाकावर ती लावता येत नाही, आणि बूस्टरला, म्हणजे मुलाला उंच बसवणाऱ्या बैठकीला, खांद्यावरून येणारा पट्टा लागतो. त्या काळातल्या बऱ्याच गाड्यांत मागच्या बाकाला नुसता कमरेचा पट्टा असतो. म्हणून बघायला जाताना दोन्ही सीट घरून न्या आणि तिथे प्रत्यक्ष लावून बघा. ‘हो, बसते की’ या तोंडी उत्तरावर जाऊ नका.

दुसरी अडचण वजनाची. १९९७ नंतर इथे गाडीची परीक्षा दिलेल्यांना साध्या लायसनवर ३,५०० किलोपर्यंतचीच गाडी चालवता येते, आणि आपल्यातले बहुतेकजण त्यातच येतात. त्यामुळे वाढीव वजनाची मोठी गाडी स्वस्तात मिळाली तरी तुमच्या कामाची नाही. समजा रिकाम्या गाडीचं वजन ३,०५० किलो आहे, म्हणजे सामानाला आणि माणसांना उरले ४५०. चालक बहुधा रिकाम्या वजनातच धरलेला असतो. आता मांडा: तुम्ही ६५, मुलं मिळून ५०, ऑनिंग (गाडीच्या बाजूला लावायचं कापडी छप्पर) ३०, चार सायकली ५०, जादा बॅटरी २५, टाकीतलं पाणी ८०, कपडे ६०, आणि भांडीकुंडी, किराणा, अंथरुणं, खुर्च्या मिळून ६०. झाले ४२०. कुकर, तांदळाची पिशवी सगळं यातच. सासू-सासरे चढले की गाडी बेकायदा होते. जादा वजनाच्या गाड्या रस्त्यात थांबवून तोलतात आणि दंड करतात. दंडाचं सोडा, भरलेल्या गाडीला ब्रेक लावायची वेळ उतारावर येते, तेव्हा आत आपलीच माणसं असतात.

आता ओल. जुन्या मोटरहोमचा खरा शत्रू इंजिन नव्हे, पाणी. इंजिन दुरुस्त होतं, पण भिंतीतली लाकडी चौकट कुजली की दुरुस्तीचा आकडा गाडीच्या किमतीशी स्पर्धा करतो. शिवाय वार्षिक एमओटी तपासणीत ही गोष्ट बघतच नाहीत, त्यामुळे एमओटीत निर्दोष ठरलेली गाडी आतून सडलेली असू शकते.

शक्यतो दोन-तीन दिवस पाऊस पडून गेल्यावर बघायला जा. दार उघडल्या उघडल्या आधी वास घ्या. बंद माळ्यासारखा कुबट वास आला किंवा कोणी मुद्दाम अत्तराचा फवारा मारून ठेवला असेल, तर सावध व्हा. मग ड्रायव्हरच्या डोक्यावरचा पलंग असतो, त्यावर चढा, गादी उचला आणि पुढच्या दोन्ही कोपऱ्यांत अंगठा दाबा. भिंत टणक लागली पाहिजे. ओल्या पुठ्ठ्यासारखी दबली, वॉलपेपरला फुगवटा किंवा तपकिरी कडा दिसली, तर तिथूनच नमस्कार करून निघा. खिडक्यांच्या खालचे कोपरे, छतावरच्या झडपेभोवतीची कड, कपाटाची मागची भिंत, शौचालयाचा तळ, मागचे दिवे, सगळीकडे हेच करा. ओल मोजायचा साधा मीटर ऑनलाइन स्वस्तात मिळतो. १५ टक्क्यांपर्यंत ठीक, १५ ते २० असेल तर लक्ष ठेवायचं, २०च्या वर काळजीचं, आणि ३०च्या आसपास गेलं की लाकूड बहुधा गेलेलं असतं. बाहेरून सांध्यांवर फटी बुजवायचा ताजा पांढरा मसाला थापलेला दिसला, तर तो का लावला ते स्पष्ट विचारा.

इंजिनाबद्दल थोडक्यात. ३८ हजार मैलांना भुलू नका. उभ्या गाडीचे टायर, ब्रेक आणि टायमिंग बेल्ट वयानेच म्हातारे होतात. बेल्ट बदलल्याची पावती मागा. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. सहा-सात वर्षांहून जुने असतील तर नक्षी शाबूत असली तरी नवे घालायचा खर्च धरा. २००६ नंतरच्या फियाट ड्युकाटोवरची गाडी असेल, तर चढावर रिव्हर्स घेऊन बघा, गचके देते का. बॉनेट उघडून काचेखालून इंजिनावर पाणी ठिबकल्याच्या खुणाही शोधा. नंबर टाकला की सरकारी संकेतस्थळावर एमओटीचा इतिहास फुकट दिसतो. दरवर्षीचे मैल ओळीने वाढताहेत ना ते बघा. पैसे भरून गाडीवर कर्ज थकीत आहे का तेही तपासा, आणि खासगी मालकाची गाडी लॉगबुकवरच्या, म्हणजे नोंदणीच्या कागदावरच्या, पत्त्यावरच जाऊन बघा. गाडी न बघता डिपॉझिट मागणाऱ्याला एक पौंडही देऊ नका.

फ्रिज गॅसवर चालवून दाखवायला सांगा. तो थंड व्हायला काही तास लागतात, म्हणून आदल्या दिवशीच फोन करा. आणि शेगडीच्या वर छताची झडप आहे का ते बघा. आपल्या फोडण्या आणि कुकरची वाफ बंद गाडीत कोंडली की भिंतींनाच ओल धरते.

लंडनमध्ये वरचेवर जाणं असेल, तर या दोन्ही जुन्या डिझेल गाड्यांना यूलेझचे, म्हणजे जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांवरच्या शुल्काचे, दिवसाला साडेबारा पौंड पडतील. २०२३च्या ऑगस्टपासून लंडनचे सगळे बरो (महापालिका विभाग) त्यात आहेत, म्हणजे हॅरो-हाउन्स्लोही.

दुसऱ्या गाडीकडे माझा कल आहे. तिथे पाच हजार हाताशी राहतात, आणि ते राहिलेच पाहिजेत: टायर, बेल्ट, बॅटरी, विमा, गाडी उभी करायची जागा. काही वसाहतींत घरासमोर मोटरहोम लावायला मनाई असते, तेव्हा घराची कागदपत्रं आधी वाचा. डीलरकडून घेतल्याने २०१५च्या ग्राहक कायद्याचं संरक्षणही मिळतं. मोठा दोष निघाला तर पहिल्या ३० दिवसांत गाडी परत करता येते. खासगी व्यवहारात हे नाही.

सासू-सासऱ्यांसाठी वेगळी सोय करा. मोटरहोमच्या जागेबरोबर भाड्याची तयार केबिनही असते अशा कॅम्पसाइट निवडा. एकाने मोटरहोम चालवायची, दुसऱ्याने कारमधून आजी-आजोबांना आणायचं. जेवण एकत्र, झोपायला त्यांना नीट पलंग, आणि रात्री-बेरात्री त्या उंच पायरीवरून उतरणं नाही.

डीलरला उद्या फोन करून तीन गोष्टी विचारा: पट्टे किती आणि कुठले, सामानाला किती किलो उरतात, आणि शेवटची हॅबिटेशन तपासणी, म्हणजे गाडीच्या राहायच्या भागाची तपासणी, कधी झाली. त्या अहवालात ओलीचे आकडे जागेनुसार लिहिलेले असतात. अहवाल नसेल, तर तुमच्या खर्चाने स्वतंत्र तंत्रज्ञाकडून तपासणी करू देणार का ते विचारा. नाही म्हणाला तर दुसरी गाडी शोधा. जूनला अवकाश आहे, आणि हिवाळ्यात गिऱ्हाईक कमी असल्याने भावही थोडे खाली येतात.