वाचक विचारतात : गिअरबॉक्स उतरवण्याआधी

प्रश्न : माझी होंडा सिटी ऑटोमॅटिक 2010 ची आहे, 1,28,000 किमी चाललीये. सकाळी ‘डी’त टाकली की दोन-तीन सेकंद गाडी जागची हलत नाही. तापल्यावर दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना आरपीएम भसकन वर जातो आणि मग धक्का देऊन गिअर पडतो. अधूनमधून मीटरवरचा ‘डी’ लुकलुकतो. गॅरेजवाले थेट गिअरबॉक्स बदला म्हणतात. दुसरा इलाज नाही का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : असू शकतो. पण तपासणी क्रमाने व्हायला हवी, आणि त्यातली निम्मी तर गिअरबॉक्सला हात न लावता होते.

आधी गिअरबॉक्सच्या ऑइलची पातळी. रेडिएटरचा पंखा दोनदा सुरू होईपर्यंत इंजिन तापवा, सपाट जागी बंद करा आणि बंद केल्यापासून 60 ते 90 सेकंदांच्या आत गिअरबॉक्सची डिपस्टिक (पातळी दाखवणारी पट्टी) पाहा. चालू इंजिनवर पाहिलं तर पातळी चुकीची दिसते; पुष्कळ मिस्त्री इथेच फसतात. ऑइल पांढऱ्या फडक्यावर टिपा. लालसर किंवा नुसतंच मळकट असेल तर आशा आहे. काळपट आणि जळका वास असेल तर आतल्या, गिअर पकडणाऱ्या क्लच प्लेटांचं अस्तर जळालंय असं समजा. ड्रेन बोल्टच्या (ऑइल काढायच्या बोल्टच्या) चुंबकावर करड्या रंगाची मऊ लई असणं साहजिक आहे, पण बोटाला टोचणारा चकचकीत कीस निघाला तर आत काहीतरी तुटतंय.

‘डी’ लुकलुकतोय म्हणजे गिअरबॉक्सच्या कंट्रोल युनिटने बिघाडाचा कोड नोंदवलाय. तो स्कॅनरवर वाचून घ्या आणि पुसण्याआधी लिहून ठेवा. P0847 किंवा P0848 निघाला तर तिसऱ्या गिअरच्या क्लचचा प्रेशर स्विच (ऑइलचा दाब ओळखणारा) आणि त्याची वायर आधी पाहायची. हा स्विच बाहेरूनच बदलता येतो. सोलेनॉइड, म्हणजे ऑइलचा प्रवाह सांभाळणारे विजेवरचे व्हॉल्व्ह, हेही मल्टिमीटरने तपासता येतात : शिफ्ट सोलेनॉइडचा रोध 12 ते 25 ओहम, प्रेशर कंट्रोलचा साधारण 5 ओहम. प्रेशर कंट्रोल सोलेनॉइडच्या गॅस्केटमधली बारीक जाळी गाळाने तुंबली तरी गिअर असाच घसरतो. धक्का बसतो म्हणताय, तर इंजिनचे माउंटही बघून घ्या; फाटलेल्या माउंटचं खापर गिअरबॉक्सवर फुटतं.

निकाल लावते ती प्रेशर टेस्ट, म्हणजे प्रत्येक क्लचला मिळणाऱ्या ऑइलचा दाब गेजवर मोजणं. सगळ्याच क्लचचं प्रेशर कमी आलं तर दोष पंपात, स्ट्रेनरमध्ये (ऑइलच्या गाळणीत) किंवा रेग्युलेटर व्हॉल्व्हमध्ये. फक्त तिसऱ्याचं कमी आलं तर त्या क्लचची सीलं गेलीत. प्रेशर बरोबर आणि तरी गिअर घसरतो, तर प्लेटा संपल्यात. या गिअरबॉक्सला खाली ऑइल पॅन नसतो आणि स्ट्रेनर आत असतो. ‘पॅन उघडून फिल्टर बदलतो’ असं कुणी म्हणालं तर त्याने हा गिअरबॉक्स उघडलेला नाही.

ऑइल जळालेलं नसेल तर डीडब्ल्यू-1 (होंडाचं ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) घालून तीनदा बदलून बघा. एका वेळी सुमारे 2.4 लिटरच निघतं, उरलेलं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणाऱ्या भागात) आणि आत राहतं, म्हणून एकदा बदलून भागत नाही. साडेसात लिटर घ्या, प्रत्येक वेळी बोल्टला नवा वॉशर लावा, बोल्ट 49 न्यूटन-मीटरला आवळा आणि मधे गाडी सगळ्या गिअरमधून फिरवून आणा. मशीन लावून दाबाने फ्लश करू नका. आणि नवं ऑइल घातल्यावर गिअरबॉक्स निकामी झाला, असं कुणी सांगितलं तर एवढंच समजा की प्लेटा आधीच गेल्या होत्या.

बदलायचाच ठरला तर वापरलेला गिअरबॉक्स कुर्ल्याला सीएसटी रोडवर शोधता येईल, पण याच पिढीच्या पाच गिअरवाल्या सिटीचा हवा. 2014 पासूनच्या सिटीत सीव्हीटी (ठरावीक गिअरऐवजी पट्टा आणि पुलीवर चालणारा गिअरबॉक्स) आहे, तो बसणार नाही. पैसे देण्याआधी ड्रेन बोल्ट काढून चुंबक बघा आणि ऑइलचा वास घ्या. विकणारा बोल्ट काढू देत नसेल तर पुढचं दुकान गाठा.

बसवताना दोन चुका महागात पडतात. पहिली, कन्व्हर्टर पंपात पूर्ण आत न बसवता गिअरबॉक्सचे बोल्ट आवळणं. गिअरबॉक्स इंजिनला हाताने सपाट टेकला पाहिजे आणि कन्व्हर्टर हाताने मोकळा फिरला पाहिजे. बोल्टने ओढून फट बुजवली की नवाकोरा पंपही तिथल्या तिथे फुटतो. दुसरी चूक म्हणजे गिअरबॉक्सचं ऑइल थंड करणारा कूलर आणि त्याच्या नळ्या न धुणं. जुन्या गिअरबॉक्सचा कीस तिथे बसलेला असतो, तो पहिल्याच फेरीत नव्यात उतरतो. ड्राइव्हशाफ्टच्या टोकांच्या सेट रिंगा आणि ऑइल सील नवीच घाला. गिअरबॉक्स खाली असताना ती हाताशी असतात, नंतर त्यासाठी पुन्हा शाफ्ट काढावे लागतात.

प्रश्न : 2015 च्या सिटी सीव्हीटीत मिस्त्रीने डीडब्ल्यू-1 घातलं. चालेल का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही. तिला एचसीएफ-2 हे होंडाचं सीव्हीटीचं ऑइल लागतं. सीव्हीटीचा पट्टा पुलीवर नुसत्या घर्षणाने पकड धरतो आणि ती पकड ऑइलच्या जातीवर अवलंबून असते. गाडी फिरवू नका. एचसीएफ-2 घालून लागोपाठ दोन-तीनदा बदलून घ्या.

प्रश्न : ऑटोमॅटिक गाडी बंद पडली तर दोर बांधून ओढत न्यावी का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : नको. गिअरबॉक्सचा ऑइल पंप इंजिनवर फिरतो. इंजिन बंद आणि पुढची चाकं फिरती, म्हणजे आतले शाफ्ट कोरडे घासणार, मग लिव्हर ‘एन’मध्ये असला तरी. पुढची चाकं उचलून किंवा सरळ फ्लॅटबेडवर न्या.