वाचक विचारतात : ‘निल’ कुठून आलं?

प्रश्न : भोसरीत एका छोट्या कारखान्यात मी डायोड तपासतो. आमच्या कीथली २६०० मालिकेच्या मीटरमध्ये स्क्रिप्ट (तपासणीच्या आज्ञांची यादी) चढवलेली आहे. तिच्यातली करंटची मर्यादा लॅपटॉपवरून बदलतो. मीटर हूं की चूं करत नाही, पण तपासणी जुन्याच मर्यादेवर होते. बदलण्याआधी मर्यादा वाचायला गेलो की ‘निल’ येतं. मीटर बिघडलंय का?

उत्तर : मीटर ठणठणीत आहे हो. ही मीटरं लुआ नावाची प्रोग्रामिंगची भाषा बोलतात, आणि लुआत अस्तित्वातच नसलेलं व्हेरिएबल (म्हणजे आकडा ठेवायचं नाव) विचारलं की उत्तर ‘निल’, म्हणजे ‘काहीच नाही’. तुमच्या स्क्रिप्टमध्ये त्या नावाआधी ‘लोकल’ लिहिलेलं असणार. मग ते स्क्रिप्टच्या घरातलं. बाहेरून दिसत नाही. ‘लोकल’ खोडा, स्क्रिप्ट पुन्हा चढवून एकदा चालवा, मग ‘प्रिंट’ने वाचा. ०.०५ अँपिअर लिहिलं असेल तर ५.०००००ई-०२ असं येईल. दचकू नका, ‘ई-०२’ म्हणजे भागिले शंभर, आकडा तोच आहे.

मर्यादा बदलताना मीटर गप्प का राहिलं? कारण लुआने त्याच नावाचं दुसरंच, ग्लोबल (सगळीकडून दिसणारं) व्हेरिएबल मुकाट्याने बनवलं, आणि स्क्रिप्ट आपलं जुनं लोकलच वापरत राहिली. स्पेलिंग चुकलं तरी हेच. मी स्वतः एकदा पहिलं अक्षर कॅपिटल टाकून अख्खी दुपार घालवली होती, चहाचे चार कप वेगळेच.

आणखी एक : बाहेरून दिलेला आकडा मीटर बंद केल्यावर पुसला जातो. भोसरीत गुरुवारी वीज जाते, तेव्हा सुरुवातीची मर्यादा स्क्रिप्टमध्येच लिहून ती मीटरच्या कायम मेमरीत सेव्ह करा.