थीम बदलली की मजकूर जातो का?

प्रश्न : आमच्या आगळ-आमसुलांच्या घरगुती धंद्याची वर्डप्रेस या साइट बनवायच्या सॉफ्टवेअरवर साइट आहे. नवी थीम, म्हणजे साइटचा तयार साज, टाकली. डेमोत देखणी होती, आमच्याकडे मात्र शीर्षकांची अक्षरं फुटल्यासारखी दिसतात, वरचा मेनूही गायब. पुन्हा थीम बदलली तर लिहिलेलं सगळं जाईल, असं भाचा म्हणतो. काय करू?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : ताई, भाच्याला सांगा, मजकूर कुठे जात नाही. लेख, फोटोंच्या नोंदी, मालाचे भाव डेटाबेसात, म्हणजे साइटच्या माहितीच्या साठ्यात असतात. ते कसे मांडायचे एवढंच थीम ठरवते. वर्डप्रेसमध्ये थीमची सोय २००५ साली आली ती त्यासाठीच. मुख्य अपवाद एक : थीमच्या खास शॉर्टकोडने, म्हणजे चौकोनी कंसात लिहायच्या छोट्या आज्ञांनी केलेली पानं. थीम गेली की तिथे कंसातला कचरा उरतो.

मेनूही शाबूत आहे. प्रत्येक थीमच्या मेनूच्या जागा वेगळ्या, म्हणून वर्डप्रेसच्या डॅशबोर्डवर 'अपिअरन्स'मधल्या 'मेनूज'मध्ये जाऊन तो नव्या जागेला जोडा.

खरी गोम अक्षरांत आहे. तुम्ही पाहिलेला डेमो बहुधा इंग्रजीत असणार. शीर्षकाला ऐट यावी म्हणून डिझायनर अक्षरं जरा लांब लांब बसवतो. रोमन लिपीला ते शोभतं. आपली शिरोरेघ तुटते आणि 'कोकम सरबत'चं 'को क म स र ब त' होतं. ओळींमधली जागाही रोमनच्या मापाची, त्यामुळे वरच्या ओळीचा उकार खालच्या रफारावर आदळतो. त्यात थीमच्या फॉन्टमध्ये देवनागरी नसेल तर प्रत्येक फोन आपल्याकडचा फॉन्ट लावतो. मग तुम्हाला एक दिसतं, गिऱ्हाइकाला दुसरंच.

'अपिअरन्स'मधल्याच 'कस्टमाइझ'मध्ये 'अ‍ॅडिशनल सीएसएस' आहे; सीएसएस म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या सूचना. तिथे शीर्षकांचं लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधलं अंतर) शून्य करा, लाइन-हाइट (ओळीची उंची) अक्षराच्या मापाच्या दीडपटीच्या आसपास ठेवा. फॉन्ट नोटो सॅन्स देवनागरी घ्या, फुकट आहे. ब्लॉक थीम (सगळं पान ठोकळ्यांनी रचायची नव्या पद्धतीची थीम) असेल तर 'कस्टमाइझ'ऐवजी 'एडिटर' दिसेल; मेनू आणि अक्षरांची मापं दोन्ही त्यातच. थीमच्या मूळ फाइलींना मात्र हात लावू नका, पुढच्या अपडेटला केलेलं सगळं पुसलं जातं. फाइलीच बदलायच्या असतील तर चाइल्ड थीम, म्हणजे मूळ थीमवर बेतलेली, फक्त तुमचे बदल ठेवणारी वेगळी थीम करून घ्या.

एवढं करूनही थीम बदलावीशी वाटली तर खुशाल बदला, पण आधी 'लाइव्ह प्रिव्ह्यू'त तुमचं सगळ्यांत लांब मराठी शीर्षक मोबाइलच्या रुंदीत कसं दिसतं ते पाहा. डेमोतल्या फोटोंवर जाऊ नका, ते तुम्हाला मिळणार नाहीत.