भाड्यात हप्ता निघेल का?

"मॅडम, खाली आपण राहू, वरचे दोन ब्लॉक भाड्याने देऊ, हप्ता आपोआप सुटेल असं हे म्हणतात, पण मला रात्र रात्र झोप नाही." मागच्या वर्षी एक ताई हे बोलल्या, नवरा शेजारी मान खाली घालून बसलेला. पैशांचं समुपदेशन करताना हा प्रश्न माझ्याकडे सारखा येतो म्हणून सांगते, नावं नाही सांगत.

पुण्यात सिंहगड रोडच्या बाजूला जुनं घर, खाली एक ब्लॉक आणि वर दोन मजले, किंमत 95 लाख. 70 लाख कर्ज, साडेआठ टक्के, 20 वर्षं, म्हणजे हप्ता जवळपास 60,750. मालक म्हणाला वरचं भाडं 14-14 हजार, 28 येतात. मी म्हटलं वर्षाचे 11 महिनेच धरा, एखादा महिना घर रिकामं राहतंच, मग मोटार, गळती, रंग, घरपट्टी काढा (स्वतः राहतो त्याला पुण्यात 40 टक्के सवलत मिळते, भाड्याच्या भागाला नाही), हातात महिना 22 उरले तरी खूप. उरलेले 38-39 हजार खिशातून, आत्ता ते 20 हजार भाडं भरत होते. शिवाय स्वतःचे 25 लाख आणि मुद्रांक शुल्काचे साडेसहा लाख वेगळेच. ताई म्हणाल्या, माझी नोकरी आहे तोवर जमेल.

पण मंजूर नकाशा मागवला तर सगळ्यात वरचा मजला त्यात नव्हताच, नंतर चढवलेला! बँक अशा मजल्याची किंमत सहसा धरत नाही, आणि उद्या नोटीस आली तर ते भाडंही गेलं. नवरा म्हणाला, "मालक म्हणतो इकडे सगळ्यांचंच असं असतं." या वाक्याची मला फार भीती वाटते, कारण त्यावर विश्वास ठेवून आयुष्यभराची बचत घालवलेली माणसं माझ्यासमोर बसून रडली आहेत.

मी त्यांना पाठवलं, सकाळी सातला जा पाणी कसं येतं ते बघा, रात्री नऊला गाड्या कुठे लागतात ते बघा, भाडेकरूंशी बोला आणि रजिस्टर केलेला भाडेकरार बघायला मागा. करार लेखी करून रजिस्टर करणं 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याने घरमालकाचीच जबाबदारी आहे, उद्या ती तुमची. तर करार एकाचाही नव्हता आणि वरचा भाडेकरू 9 हजारच देत होता.

दोघांनी दोनच मजल्यांची किंमत सांगितली, मालकाने नाही म्हटलं. तेव्हा नवरा खूप नाराज झाला, आठवडाभर घरात अबोला होता म्हणे.

परवा ताईंचा फोन आला, धायरीला दुमजली घर बघितलंय, जिना बाहेरून आहे, नकाशा आधीच मागून घेतलाय, रविवारी सकाळी सातला पाणी बघायला जाणारेत दोघं.